मर्चिसन धबधबा, युगांडा: बोट सकाळची की दुपारची, आणि गुडघेदुखी असताना माथा कसा गाठायचा?

घाटवाट

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मर्चिसन फॉल्स राष्ट्रीय उद्यानात दोन रात्री राहायचा बेत आहे. आम्ही दोघं, दहा वर्षांचा मुलगा आणि ६८ वर्षांची आई. आई सपाटीवर व्यवस्थित चालते, पण चढ-उतार जमत नाही. कंपालाहून चालकासह एकच गाडी असेल. नाईलमधली बोटफेरी आणि धबधब्याचा माथा, दोन्ही करायचं आहे. बोटीतून उतरून पायवाटेने माथ्यावर जाता येतं असं वाचलं, पण मग आईचं काय? बोट सकाळची घ्यावी की दुपारची? आणि पारा इथे गाड्या नदीपार नेणाऱ्या फेरीबोटीच्या वेळा कुणाला माहीत आहेत का?

कवड्या खंड्या

फेरीबोटीचा विचार सोडून द्या. पाराला नाईलवर आता पूल आहे. जुन्या प्रवासवर्णनांत त्या वेळापत्रकाची धास्ती असते, ती तुम्हाला लागू नाही.

बोट दुपारी २ ची घ्या. धबधबा पाराच्या पूर्वेला आहे. बोट सुमारे १७ किलोमीटर प्रवाहाच्या विरुद्ध, म्हणजे पूर्वेकडे जाते. दुपारी सूर्य पाठीशी येतो आणि धबधब्याच्या तोंडावर थेट उजेड पडतो. सकाळी तोच सूर्य समोरून डोळ्यांत जातो, फोटोत धबधब्याच्या जागी नुसता पांढरा धूर दिसतो. शिवाय उन्हं तापली की हत्ती, म्हशी पाण्यावर उतरतात. डिसेंबर कोरडा असल्यामुळे हे आणखी हमखास.

पूर्ण फेरी साधारण तीन तासांची. जाताना बोट काठाकाठाने हळू जाते, येताना प्रवाहाबरोबर भराभर येते, म्हणून पाहायचं ते जातानाच पाहून घ्या. कुठला काठ धरणार ते निघण्यापूर्वी नावाड्याला विचारा आणि त्या बाजूला बसा. पाणघोडे तर दर वळणावर असतात. दिवसा पाण्यात डुंबतात कारण त्यांची कातडी उन्हात लवकर सुकून तडकते. चरायला रात्री बाहेर पडतात. मगरी वाळूवर जबडा उघडा टाकून पडलेल्या दिसतील. तो हल्ल्याचा पवित्रा नसतो, तोंडावाटे अंगातली उष्णता बाहेर टाकणं चाललेलं असतं. धबधब्याजवळ मगरी जास्त दिसतात, कारण वरून आदळून अर्धमेले झालेले मासे त्यांना आयते मिळतात. किनाऱ्याच्या उभ्या मातीच्या दरडीत बिळं दिसली तर दुर्बीण लावा: लाल गळ्याच्या वेड्या राघूंची वसाहत असते. आपल्याकडचा कवड्या खंड्या तिथेही आहे, पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबलेला. मुलाला ८x४२ ची दुर्बीण पुरेल. त्याहून जास्त वर्धनाची नको, इंजिनाच्या थरथरीत चित्र स्थिर राहत नाही.

बोट धबधब्याच्या पायथ्याला भिडत नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. प्रवाहाच्या जोरामुळे काही शे मीटर अलीकडेच एका खडकापाशी ती थांबते. पाण्यावरून फेसाचे तपकिरी गठ्ठे वाहत येताना दिसतील, ते प्रदूषण नाही, धबधब्यातच घुसळून तयार झालेला फेस आहे.

वाटाड्या

आईंच्या प्रश्नाचं उत्तर गाडीच्या नियोजनात आहे आणि नेमकी तिथेच बहुतेकांची गल्लत होते. गाडी एक, माणसं दोन ठिकाणी. असं करा:

दोघांपैकी एकाने आईंबरोबर बोटीतच राहायचं आणि पाराला परत यायचं. दुसऱ्याने मुलाला घेऊन खडकापाशी उतरायचं. तिथून वनरक्षकाबरोबर पाऊण ते एक तासाची चढण आहे, वाटेत सावली कमी. प्रत्येकी दीड लिटर पाणी हवं आणि बूट पकड असलेले हवेत, कारण वरच्या टप्प्यात तुषारांनी खडक ओले असतात. चालकाने तुम्हाला धक्क्यावर सोडल्यावर लगेच रस्त्याने माथ्यावरच्या वाहनतळावर जाऊन थांबायचं. हे त्याला आदल्या रात्रीच स्पष्ट सांगा. नाहीतर तो सवयीने धक्क्यावरच बसून राहतो आणि वर चढलेले अडकतात. आई पाच-सव्वापाचला धक्क्यावर पोचतील, गाडी यायला त्यानंतर तासभर धरा. उद्यानातल्या रस्त्यांवर संध्याकाळी ७ नंतर गाडी चालवता येत नाही, म्हणून वर रेंगाळायला फार वेळ नसतो. चढणाऱ्यांची नोंद बोटीचं तिकीट काढतानाच करायची, वनरक्षक त्यानुसार येतो.

आईंना माथा दुसऱ्या दिवशी गाडीने दाखवा. वाहनतळापासून कठड्यापर्यंत थोडंच अंतर आहे, पण काही पायऱ्या आहेत. हाताला धरून सावकाश न्या. तो माथा चुकवू नका. अख्खी नाईल तिथे सुमारे ७ मीटरच्या फटीत शिरते आणि सुमारे ४३ मीटर खाली कोसळते. खालून पाहताना त्या फटीची कल्पनाच येत नाही. शेजारचा रुंद धबधबा म्हणजे उहुरू. १९६२ च्या पुरात नदीने फोडलेली ती दुसरी वाट. युगांडा त्याच वर्षी स्वतंत्र झाला, आणि उहुरू म्हणजे स्वातंत्र्य.

आता माशा. दक्षिण तीरावर पारा ते माथा या रस्त्यावर त्सेत्से माशा त्रास देतात. कापडातून चावतात, साध्या डासांच्या मलमाला फारशा जुमानत नाहीत. गडद निळा आणि काळा रंग त्यांना खेचतो. रस्त्याकडेला निळ्या-काळ्या कापडाचे जे सापळे टांगलेले दिसतात, ते याच कारणाने. म्हणून निळी जीन्स नको, फिकट खाकी किंवा बदामी लांब बाह्यांचे कपडे घाला आणि त्या टप्प्यात गाडीच्या काचा बंद ठेवा.

प्रवेशशुल्क २४ तासांचं असतं, आत शिरल्याच्या वेळेपासून मोजतात. दुपारी १ ला आत गेलात तर तिसऱ्या दिवशी १ च्या आत बाहेर पडा, नाहीतर तिसऱ्या दिवसाचे पैसे लागतात. मासिंदीमार्गे कंपाला ते पारा सुमारे ३०० किलोमीटर, पाच ते सहा तास. पहिल्याच दिवशी २ ची बोट गाठायच्या फंदात पडू नका.

औषधपेटी

तिकिटं काढण्याआधी एक गोष्ट. युगांडासाठी यलो फीव्हरच्या लशीचं प्रमाणपत्र लागतं, व्हिसाच्या ऑनलाइन अर्जालाही तेच जोडावं लागतं. भारतात परतताना ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरण होऊ शकतं. लस घेतल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र ग्राह्य होतं, पुढे ते आयुष्यभर चालतं. पण साठीनंतर ही लस पहिल्यांदाच घेताना गंभीर दुष्परिणामांचा धोका वाढतो. आईंच्या बाबतीत हा निर्णय डॉक्टरांशी बोलून सगळ्यांत आधी करा, बाकीचा बेत त्यावर अवलंबून आहे. मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्याही त्याच भेटीत विचारा, दहा वर्षांच्या मुलाचा डोस वजनावर ठरतो. नदीत पाय बुडवून बसू नका, मगरींचा धोका आहेच.

घाटवाट

गाडीचं गणित आता सुटलं, मनापासून आभार. लशीचं डॉक्टरांशी याच आठवड्यात बोलतो. मुलाला शूबिल हा पक्षी पाहायचाच आहे. तो याच बोटफेरीत दिसतो का?

कवड्या खंड्या

क्वचित. त्यासाठी उलट दिशेची बोट लागते, पाराहून खाली आल्बर्ट सरोवराच्या मुखाकडे. तिथे नदी पपायरसच्या दलदलीत पसरते आणि शूबिल त्या गवतात फुप्फुसमाशांची वाट पाहत तासन्‌तास निश्चल उभा असतो. राखाडी ओंडका समजून नजर पुढे सरकते, म्हणून नावाड्याला सुरुवातीलाच ‘शूबिल हवा’ असं सांगा. ही फेरी चार-पाच तासांची, पहाटे लवकर निघणारी, आणि दिसण्याची खात्री तरीही नाही. तुमच्या दोन रात्रींत ती बसवायची तर आईंचा माथा आणि ही फेरी एकाच सकाळी होणार नाहीत. मुलासाठी तिसरी रात्र वाढवा.

वाटाड्या

तिसरी रात्र घेतलीत तर उत्तर तीरावरची पहाटेची गाडीफेरीही होईल. जिराफ, कोब हरणं आणि सिंह त्या बाजूच्या गवताळ भागात आहेत. आणि डॉलर नेताना २००९ नंतर छापलेल्या, न फाटलेल्या नोटाच घ्या. जुन्या नोटा तिथे सहसा कुणी घेत नाही आणि लहान नोटांना भाव कमी मिळतो. चार्जरसाठी तीन चौकोनी पिनांचं ब्रिटिश पद्धतीचं अडॅप्टर लागेल.