मदत हवी आहे: रेसिंग टीमला गिऱ्हाईक मिळेल का?

भोसरीवाला
नमस्कार मंडळी, घाईत लिहितोय. इंग्लंडमधल्या एका रेसिंग टीमला गिऱ्हाईक मिळेल का हे इथल्या जाणकारांनी सांगावं. टीम अडचणीत आहे, त्यांचा माणूस म्हणतो बोलणी चालू आहेत, दोन आठवड्यांत होईल. मला उद्यापर्यंत ठरवायचंय. हो की नाही एवढंच सांगा प्लीज.

गाडीवेडा
कुठली टीम? कुठली सिरीज? तुम्हाला काय ठरवायचंय? टीम विकत घेताय की काय 😀

नगरी_मिसळ
फॉर्म्युला वन असेल तर गिऱ्हाईक मिळणारच. २०१८ आठवा, आपल्या मल्ल्याची फोर्स इंडिया. हंगेरीच्या शर्यतीच्या वीकएंडला टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये (दिवाळखोरीच्या कारवाईत) गेली, तीही खुद्द त्यांचाच ड्रायव्हर पेरेझ कोर्टात गेला म्हणून, आणि दीडेक आठवड्यात कॅनडाच्या अब्जाधीश लॉरेन्स स्ट्रोलच्या गटाचं नाव जाहीर, ४०५ लोकांच्या नोकऱ्या वाचल्या. होंडानं २००८ च्या डिसेंबरात टीम सोडली ती रॉस ब्रॉननं एका पाउंडात घेतली अन् २००९ ला ड्रायव्हरचा आणि टीमचा असे दोन्ही किताब मारले. टेन्शन घेऊ नका.

गाडीवेडा
नगरीभाऊ, स्पेनची एचआरटी टीम विसरलात का? २०१२ ला विकायला काढली, आपला नारायण कार्तिकेयन चालवायचा, कोणी हात लावला नाही. केटरहॅमनं २०१४ ला लोकांकडून वर्गणी काढून अबू धाबीची शेवटची रेस पळवली, नंतर सामानाचा लिलाव. मॅनर तर २०१७ च्या जानेवारीत अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये गेली आणि महिना संपायच्या आत कुलूप, २१२ लोक घरी. त्यात आदल्या सीझनला ब्राझीलच्या पावसात सॉबरचा नास्र नववा आला, मॅनरचा दहावा नंबर गेला आणि बक्षिसाची रक्कमही. दोन पॉइंटांनी टीम मेली म्हणा ना.

भोसरीवाला
एफ वन नाही हो, खालची सिरीज. नाव सांगत नाही, अजून पैसे अडकलेत तिथे.

सीए_वहिनी
आता कुठे मुद्दा आला. कसले पैसे? तुम्ही नोकरीला आहात, स्पॉन्सर आहात की माल देता?

भोसरीवाला
माल. व्हीएमसी मशीनवर टायटॅनियमचे ब्रॅकेट करून देतो, भोसरीत शॉप आहे. पहिल्या लॉटचे साठ नग गेले, अकरा लाख येणं, चार महिने झाले. दुसरा लॉट पॅक करून ठेवलाय. ते म्हणतात हाही पाठवा, नवीन मालक आला की दोन्हीचे एकदम देऊ. म्हणून विचारतोय गिऱ्हाईक मिळेल का.

चाकणकर
दादा हे आधी सांगायचं ना!! लघुउद्योगांच्या सरकारी (एमएसएमई) पोर्टलवर तक्रार टाका, ४५ दिवसांत पैसे द्यायचा कायदा आहे, माझे सात लाख तसेच सुटले.

सीए_वहिनी
चाकणकर, तो कायदा इथल्या खरेदीदाराला, इंग्लंडच्या कंपनीला काय पोर्टल लावणार? भोसरीवाले, ईसीजीसीचा, म्हणजे निर्यातीचे पैसे बुडाले तर भरपाई देणारा, विमा काढला होता का? आणि निर्यातीचे पैसे आले नाहीत हे बँकेला कळवलंय का? नाहीतर नंतर बँकच पत्र पाठवते.

भोसरीवाला
विमा नाही. बँकेला नाही कळवलं.

बर्मिंगहॅमहून
मी इथे पुरवठ्याच्याच धंद्यात आहे. तुम्ही प्रश्नच चुकीचा विचारताय. गिऱ्हाईक मिळालं तरी ते काय विकत घेतं ते बघा. कंपनीचे शेअर घेतले तर देणी सोबत येतात, रेनॉनं २०१५ ला लोटस एका पाउंडात घेतली ती तशी, एक पाउंड दिसायला, कर्ज डोक्यावर. पण नुसती मशिनं, गाड्या आणि शर्यतीतली जागा घेतली तर देणी जुन्या कंपनीच्या बोडक्यावर राहतात. फोर्स इंडियाचं आधी जाहीर झालं की सगळ्या देणेकऱ्यांचे पैसे पूर्ण मिळणार, मग भारतीय बँकांच्या संमतीवर गाडं अडलं आणि शेवटी धंदा आणि सामानच विकावं लागलं. नवी कंपनी म्हणून ५९ पॉइंट शून्य झाले, स्पाच्या शर्यतीपासून नवा श्रीगणेशा. तुमची टीम अजून अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये गेली आहे की नाही?

भोसरीवाला
ते काय असतं नक्की? एक मेल आलाय कुणा अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा, मला वाटलं ऑफिसमधला क्लार्क असेल.

सीए_वहिनी
अहो!!! 🤦‍♀️ तो मेल कधी आला?

भोसरीवाला
नऊ दिवस झाले.

बर्मिंगहॅमहून
मग ऐका. देणी भागत नाहीत म्हणून कंपनी बाहेरच्या नेमलेल्या माणसाच्या हाती देतात, ते अ‍ॅडमिनिस्ट्रेशन. कंपनी आता त्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या ताब्यात आहे, जो माणूस तुम्हाला फोन करतोय त्याला शब्द द्यायचा अधिकारच नाही. मेलसोबत दाव्याचा फॉर्म असेल, अकरा लाखांचा तो भरा, इन्व्हॉइस आणि एअरवे बिल जोडा. आधी तारण घेतलेले, मग कामगार, मग सरकारचा कर, तुम्ही पार शेवटच्या रांगेत. पीओवर (खरेदीच्या ऑर्डरवर) पैसे मिळेपर्यंत मालकी आमची असं कलम असेल तर ते आजच लेखी कळवा.

नगरी_मिसळ
पण इतकं घाबरवू नका राव. एफ वनच्या टीमला आता सोन्याचा भाव आहे, २०२१ पासून खर्चावर मर्यादा आली, विल्यम्स २०२० ला १५.२ कोटी युरोला गेली.

गाडीवेडा
तेच तर, एफ वनमध्ये विकायला ठरावीक जागा आहेत. दहा टीम असताना अकरावीला यायचं तर बाकीच्यांना २० कोटी डॉलर भरपाई असा नियम केलेला. खालच्या सिरीजमध्ये काय विकणार, दोन ट्रक अन् टायर? तिथे ड्रायव्हरचा बाप पैसे देतो तोवर टीम चालते, पोरगा दुसरीकडे गेला की संपलं. आणि एफ वनमध्येही काय वेगळं, स्ट्रोल म्हणजे ड्रायव्हर लान्सचा बाप, त्याच्यासमोर बोली लावून हरलेली रशियन खत कंपनी उरलकली ड्रायव्हर माझेपिनच्या बापाची.

चाकणकर
मल्ल्याकडून बँकांचे पैसे पूर्ण वसूल झाले का पण?

सीए_वहिनी
त्याचा वेगळा धागा काढा.

बर्मिंगहॅमहून
भोसरीवाले, दुसरा लॉट पाठवू नका. टीम चालू ठेवायला खरंच लागत असेल तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर स्वतः नवीन ऑर्डर देईल, त्याच्याकडून आगाऊ पैसे मागा, रागावत नाहीत.

नगरी_मिसळ
आणि तेवढ्यात खरंच कोणी घेतली टीम, तर हे कायमचे बाहेर ना. नवीन मालक म्हणेल अडचणीत साथ दिली नाही.

बर्मिंगहॅमहून
नवीन मालक पहिल्या आठवड्यात तीन ठिकाणांहून कोटेशन मागवतो. साथबिथ कोणी विचारत नाही.

भोसरीवाला
आत्ता मेल नीट वाचला. फॉर्म आहे खरा, भरतोय. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला विचारलं दुसरा लॉट हवाय का, पंधरा मिनिटांत उत्तर, "सध्या गरज नाही." आणि तिकडून तो माणूस अजून फोन करतोय पाठवा पाठवा. बॉक्स खाली उतरवून ठेवले.

गाडीवेडा
त्यातला एक ब्रॅकेट मला विकाल का? टेबलावर ठेवायला.

भोसरीवाला
ड्रॉइंग त्यांचं आहे दादा. विकला तर माझ्यावर केस करतील, तेवढ्यासाठी पैसे असतील त्यांच्याकडे.