गावचे लहान धरण सहलीसाठी खुले असावे की बंद? (चर्चा; प्रत्येक मताच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे)

मार्कंडेयकाठ

बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात, आमच्या गावाच्या वरच्या अंगाला, लघु पाटबंधारे खात्याचे एक मातीचे धरण आहे. भात निघाल्यावर घेतलेला मसूर-वाटाणा, भाजीपाला आणि गावातील जनावरे यांची सारी भिस्त त्याच्या पाण्यावर असते. अलीकडे रविवार आला की शहरातून गाड्यांची रीघ लागते. त्यावरून ग्रामसभेत दोन तट पडले आहेत. एका बाजूचे म्हणणे असे की तारेचे कुंपण घालून धरण कायमचे बंद करावे. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की नौकाविहाराचा ठेका द्यावा, प्रवेशशुल्क घ्यावे आणि पंचायतीचे उत्पन्न वाढवावे.

मला दोन्ही मागण्या मान्य नाहीत. धरणाची भिंत आणि धरणाचा काठ या दोन वेगळ्या जागा आहेत, आणि या चर्चेत त्यांची सरमिसळ होत आहे. भिंतीवर वाहन जाता कामा नये, तेथे चूल पेटता कामा नये आणि मंडप उभा राहता कामा नये. याउलट पलीकडच्या अंगाला, जिथे माळ हळूहळू पाण्यात उतरतो, तिथे आखून दिलेल्या जागेत लोकांनी बसायला कोणाची हरकत असू नये.

भिंतीचे मी एवढ्या आग्रहाने सांगतो, कारण तिची अवस्था रोज पाहतो. पाण्याकडच्या उतारावर लाटांचा मार अडवण्यासाठी दगडांचे पिचिंग केलेले आहे. सहलीला आलेली मंडळी त्यातलेच तीन दगड उपसून चूल मांडतात आणि जाताना ते काळवंडलेले दगड माथ्यावरच टाकून देतात. जिथून दगड निघाला तिथली माती लाटेने धुऊन जाते, मग शेजारचा दगड सैल होतो. माथ्यावर चारचाकींच्या चाकोऱ्या पडल्या आहेत. पावसात त्यांत पाणी साचते, वाट मिळेल तिकडे उतारावरून खाली धावते आणि घळ पाडते. या घळी बुजवायला कोणी येत नाही.

खानापूरकर

आपला हेतू चांगला आहे, पण काठ आणि भिंत असा भेद कागदावरच राहतो. माणूस पाण्याजवळ आला की तो पाण्यात उतरतोच. नोव्हेंबर 2022 मध्ये चंदगड तालुक्यातील किटवाडच्या धबधब्यावर बेळगावच्या चार तरुणी बुडून गेल्या, आणि तो काही पावसाळा नव्हता. जून 2024 च्या अखेरीस लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. तिथे तर वर्षानुवर्षे गर्दी, पोलीस, फलक असे सगळे होते. जिथे एवढी यंत्रणा असून उपयोग झाला नाही, तिथे आपल्या पंचायतीचा एक शिपाई काय करणार आहे?

लहान धरण म्हणजे कमी धोक्याचे, हा समजही सोडायला हवा. भिंतीसाठी लागलेली माती बहुतेक ठिकाणी जलाशयाच्या पोटातूनच उचललेली असते. ते खड्डे पाण्याखाली तसेच राहतात. गुडघाभर पाण्यात चालणारा माणूस पुढच्या पावलाला डोक्यावरच्या पाण्यात जातो, आणि तळाच्या गाळात पाय रुतला की पोहणाराही वर येत नाही. एक बुडतो, त्याला काढायला दुसरा उडी घेतो आणि दोघेही जातात. शहरातून अग्निशामक दल येईपर्यंत वाचवण्यासारखे काही उरलेले नसते. माझे स्पष्ट मत आहे की बारा महिने बंदी असावी आणि मोडणाऱ्याला दंड व्हावा.

शेतकऱ्याची लेक

खानापूरकर दादा, बंदीची झळ कोणाला बसते, याचाही विचार करावा. शहरातला माणूस इथे नाही तर आंबोलीला जाईल, तिलारीला जाईल. कुंपण पडले की अडणार ते म्हशी पाण्यावर नेणारे आणि सांडव्याखाली, म्हणजे धरणाचे जादा पाणी बाहेर पडते तिथे, धुणे धुणाऱ्या बायका. आमच्या भागात घरोघरी नळ आले असले तरी गोधड्या धुवायला धरणच लागते. आमच्या स्वसहाय्य संघातील बायका रविवारी भाकरी, झुणका आणि मिरचीचा ठेचा विकतात. दुसऱ्याच्या रानात रोजगाराला न जाता चार पैसे मिळण्याचा एवढाच मार्ग गावात आहे.

नौकाविहाराच्या ठेक्याला मात्र माझाही विरोध आहे. बाहेरचा ठेकेदार प्रवेशद्वार उभे करणार, आणि उद्या आमच्याच म्हशींना वाट राहणार नाही. शिवाय रब्बीला पाणी सोडायचे की नावा चालाव्यात म्हणून साठवून ठेवायचे, असा वाद निघाला तर पैसे भरलेल्याचे ऐकले जाईल. हे धरण शेतीसाठी बांधले आहे आणि त्यासाठी गावाने जमिनी दिल्या आहेत.

निवृत्त शाखा अभियंता

पाटबंधाऱ्याच्या कामात आयुष्य गेल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. येथे दोन सुरक्षा आहेत: धरणावर येणाऱ्या माणसाची आणि धरणाखाली राहणाऱ्या गावाची. आतापर्यंतची चर्चा पहिलीवरच झाली आहे.

2021 चा धरण सुरक्षा कायदा 15 मीटरपेक्षा उंच धरणांना लागू होतो. 10 ते 15 मीटर उंचीची धरणे त्यात येतात, पण त्यासाठी भिंतीची लांबी 500 मीटर किंवा साठा 10 लाख घनमीटर असणे, यांसारखा एखादा निकष पूर्ण व्हावा लागतो. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर पाहणी, आपत्कालीन आराखडा ही बंधने या धरणांच्या मालकांवर आहेत. 10 मीटरच्या आतली धरणे या चौकटीबाहेर राहतात, आणि आपल्या सीमाभागातील गावतलाव व छोटी मातीची धरणे बहुतांशी त्याच वर्गातली आहेत. त्यांच्याकडे लक्ष जाते ते कोणी तक्रार केली तर, आणि काही वेळा तक्रार करूनही जात नाही. चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण 2 जुलै 2019 च्या रात्री फुटले; गळतीविषयी ग्रामस्थ आधीपासून सांगत होते.

मातीच्या धरणातून थोडे पाणी पाझरणे हा दोष नाही. पायथ्याशी ते पाणी वाहून नेण्यासाठी चर केलेलेच असतात. ते पाणी नितळ आहे की गढूळ, हे पाहावे. गढूळ असेल तर पाण्याबरोबर भिंतीच्या पोटातली माती निघत आहे, आणि आत पोकळी तयार होत आहे, असे समजून त्याच दिवशी खात्याला कळवावे. खेकड्यांची आणि घुशींची बिळे, भिंतीवर वाढलेली झाडे यांनीही पाण्याला वाट मिळते. झाड तोडले की काम झाले असे वाटते. पण मुळे जमिनीत कुजतात आणि त्यांच्या जागी नळीसारखी पोकळी राहते. म्हणून झाड रोप असतानाच उपटावे.

सर्वांत दुर्लक्षित भाग सांडव्याचा, ज्याला आपल्याकडे सगळे वेस्टवेअर म्हणतात. दगडी किंवा काँक्रीटच्या भिंतीवरून पाणी वाहिले तरी ती काही काळ टिकते, मातीची भिंत मात्र माथ्यावरून पाणी गेले की कापली जाते. जादा पाण्याला सांडवा हीच वाट आहे. तिथे मासे अडवण्यासाठी जाळी बांधणे, पाणी थोडे अधिक साठावे म्हणून वाळूच्या पोत्यांनी सांडवा उंचावणे हे प्रकार मी अनेक ठिकाणी पाहिले आहेत, आणि ते करणारे बाहेरचे पर्यटक नसून गावचेच लोक असतात. हे मला सहलीपेक्षा कितीतरी गंभीर वाटते. पाणी वाहत असताना सांडव्याच्या शेवाळलेल्या फरशीवर उभे राहणे जिवावर बेतते, हे तर आहेच. ताई, धुणे धुणाऱ्यांनीही पावसाळ्यात सांडव्याखाली बसू नये. वर डोंगरात जोर झाला की खाली ऊन असतानाही पाणी वाढते.

माझे मत असे की आधी पिचिंग, पायथ्याचे चर आणि सांडवा दुरुस्त करावा, आणि त्यानंतरच काठ खुला करण्याचा विचार व्हावा.

चंदगडी

राकसकोपचे उदाहरण देऊन कोणी बंदीचे समर्थन करील, म्हणून आधीच सांगतो. तो जलाशय बेळगाव शहराला पिण्याचे पाणी देतो, तिथे सहलींना मज्जाव असणे योग्यच आहे. शेतीच्या तलावाला तोच न्याय लावू नये.

आणखी एक विनंती. धोक्याचे फलक कन्नडबरोबर मराठीतही हवेत. या धरणांवर आमच्या चंदगड-गडहिंग्लजकडचे लोक येतात, आणि गावातल्या वयस्क बायकांना मराठीच वाचता येते. जीव वाचवणारी सूचना वाचता येईल अशा भाषेत असावी, त्यात राजकारण आणू नये.

मार्कंडेयकाठ

अभियंता साहेबांचा क्रम मला मान्य आहे. सांडव्यावर जाळी लावण्याचा प्रकार आमच्याही गावात होतो आणि त्याबद्दल आजवर कोणी तोंड उघडलेले नाही, हेही येथे नोंदवतो. पुढील ग्रामसभेत असा ठराव मांडणार आहे की भिंतीच्या दोन्ही टोकांना वाहन जाणार नाही पण म्हैस जाईल असे दगडी खांब रोवावेत, मासेमारीच्या लिलावातच सांडवा न अडवण्याची अट घालावी आणि लिलावाच्या रकमेतील हिस्सा देखभालीसाठी राखून ठेवावा. काठावर बसण्याची जागा खात्याच्या माणसाने पाण्याची खोली मोजून आखावी, आणि तिथे हवा भरलेल्या ट्यूबा व लांब दोर कायम टांगलेले असावेत.

खानापूरकर

खांब, लिलावाची अट आणि दुरुस्ती यांना माझा पूर्ण पाठिंबा आहे, या तिन्ही गोष्टी बंदी असो वा नसो, कराव्याच लागतील. काठ खुला करण्याबाबत मात्र मत बदललेले नाही. ट्यूब टांगली की ती पहिल्याच महिन्यात चोरीला जाते, दोराने कोणीतरी गुरे बांधतो, आणि नेमलेला माणूस पगार थकला की यायचा बंद होतो. रविवारी सकाळपासून अंधार पडेपर्यंत पोहता येणारा माणूस तिथे उभा राहील आणि त्याचा पगार कोणत्या खात्यातून निघेल, हे ठरावात लिहिले जाईपर्यंत माझा विरोध इतिवृत्तात नोंदवून घ्यावा.