मराठी लेखाची लिंक दिली की पोस्टमध्ये जागाच उरत नाही

शब्दवेल्हाळ:
मराठी विकिपीडियावरच्या 'कोल्हापूर' लेखाची लिंक एक्सवर द्यायची आहे. चिकटवली की टक्क्याच्या चिन्हांची लांबलचक माळ येते. बिटली या लिंक छोटी करणाऱ्या सेवेने छोटी केली, तरी उरलेल्या अक्षरांचा आकडा तोच. वर मजकूर आखूड दिसतो, पण २८० ची मर्यादा लगेच भरते. हीच लिंक वाचनालयाच्या सभासदांना एसएमएसनेही जाणार आहे. काय करावं?

कानामात्रा:
एक्सवर लिंक छोटी करू नका, काही उपयोग नाही. तिथे प्रत्येक लिंक टी डॉट सीओ या एक्सच्याच छोट्या पत्त्यामधून जाते आणि २३ च अक्षरांची धरली जाते, मग ती १९ ची असो की १११ ची. मॅस्टोडॉन या एक्ससारख्याच समाजमाध्यमावरही २३ च, फक्त मर्यादा ५००.

जागा लवकर संपते, कारण एक्स युनिकोड चिन्हं मोजतो, म्हणजे काना-मात्राही वेगळे धरतो. 'कोल्हापूर' डोळ्यांना चार अक्षरं दिसतात, पण क, ओकार, ल, हलन्त, ह, काना, प, ऊकार, र अशी नऊ भरतात. इमोजीचे दोन. जागा हवी असेल तर आधी इमोजी काढा. ब्लूस्काय या तशाच माध्यमावर मर्यादा ३००, पण काना-मात्रा तिथे वेगळे धरत नाहीत. मराठीला तीच मोजणी न्याय देते.

दुवासाधक:
खरी अडचण एसएमएसची आहे. देवनागरीचं एक अक्षर आलं की १६० ची मर्यादा ७० वर येते आणि त्याहून मोठा संदेश ६७-६७ च्या तुकड्यांत जातो, पैसे तुकड्यांप्रमाणे. लिंकमध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचे तीन बाइट, प्रत्येक बाइटला तीन अक्षरं, म्हणजे 'कोल्हापूर'च्या नऊ चिन्हांचे ८१. त्याच्या आधीचा पत्ता ३०. एकूण १११, म्हणजे मराठी मजकुरासोबत नुसत्या लिंकलाच दोन एसएमएस!

इथे मात्र छोटी करा, आणि विकिमीडियाच्या, म्हणजे विकिपीडिया चालवणाऱ्या संस्थेच्याच सोयीने. लेखाच्या पानावर साधनांच्या यादीत छोटा दुवा मिळवण्याचा पर्याय असतो. डब्ल्यू डॉट विकीवरची साधारण १९ अक्षरांची लिंक मिळते. मजकुराला पन्नासेक उरतात. फुकट आहे, पण फक्त विकिमीडियाच्या पानांसाठी.

घाऊक सेवेतून पाठवणार असाल तर ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून संदेशातली लिंक डीएलटी या दूरसंचार कंपन्यांच्या नोंदणी मंचावर आधी मंजूर करून घ्यावी लागते. नाही तर संदेश अडतो.

कानामात्रा:
एक राहिलं. लिंकला मराठी प्रत्यय चिकटवू नका. 'लिंकवर वाचा' लिहिताना 'वर' जोडून आला, तर काही ॲप तो पत्त्याचाच भाग समजतात आणि पान सापडत नाही. लिंकनंतर जागा सोडा, पूर्णविरामही देऊ नका. सगळ्यांत चांगलं म्हणजे लिंक वेगळ्या ओळीवर. टक्क्यांची माळ बदलून देवनागरी पत्ता हाताने लिहू नका, एक्स तो पहिल्या देवनागरी अक्षराशीच तोडतो.

शब्दवेल्हाळ:
बिटलीची लिंक आधीच एका पत्रकात छापली आहे. चालेल?

दुवासाधक:
चालेल. शेवटी अधिकचं चिन्ह लावून उघडा, ती कुठे नेते ते दिसेल. पुढच्या छपाईत मात्र मूळ पत्त्याचा क्यूआर कोड द्या. अशा सेवा बंदही पडतात, गूगलने लिंक छोटी करण्याची स्वतःची सेवा २०१९ मध्ये नव्या लिंकांसाठी बंद केली. छापलेला कागद दुरुस्त करता येत नाही.