जबड्यातली केराटोसिस्ट: आधी नळी ठेवायची, की एकदाच काढायची?

रामबाग, इंदूर
अक्कलदाढेमागून रॅमसमध्ये (खालच्या जबड्याच्या उभ्या भागात) चढलेल्या मोठ्या केराटोसिस्टला (हाडातली, केराटिन साठलेली पिशवी) आधी ती निचरून आकसावी म्हणून नळी ठेवायची आणि महिनोन्‌महिने वाट बघायची, याला माझा विरोध आहे. पेशंटने रोज दोनदा सिरिंजने सलाइन सोडून आतून धुतलं, तरच नळीचा उपयोग. झाबुआ-बडवानीसारख्या लांबच्या जिल्ह्यांतून आलेला माणूस टाके काढून गेला की दिसत नाही. नळी निघते, भोक बुजतं, आत पुन्हा केराटिन साठतं. त्यापेक्षा एकाच भुलीत सिस्ट सोला, भोवतालचं हाड बरने (ड्रिलच्या टोकाने) १-२ मिलिमीटर घासा, उरलेल्या पेशी मारणारं कार्नॉय द्रावण लावा.

राजेंद्रनगर
कार्नॉय इतकं सोपं नाही हो. ६ मिली अ‍ॅब्सोल्यूट अल्कोहोल, ३ मिली क्लोरोफॉर्म, १ मिली ग्लेशियल अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड, १ ग्रॅम फेरिक क्लोराइड. त्यात भिजवलेलं गॉज ३ ते ५ मिनिटं. क्लोरोफॉर्म आता बरेच जण वगळतात. खालच्या जबड्याची नर्व्ह (चेतातंतू) पोकळीत उघडी पडली असेल आणि ती झाकली नाही, तर ओठ बधिर होतो. नळीने ६ ते १२ महिन्यांत नर्व्हवर नवं हाड धरतं, सिस्टचं अस्तर जाड होतं आणि सोलताना फाटत नाही.

स्लाइडवाली (पॅथॉलॉजिस्ट)
फाटणं हेच खरं दुखणं. अस्तर जेमतेम ५ ते ८ पेशींचं, ओल्या टिश्यू पेपरसारखं. चिमूटभर मागे राहिलं तरी सिस्ट परत येते. शिवाय सिस्टच्या भिंतीत छोट्या पिल्लू-सिस्ट असतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली हिला ट्यूमर म्हटलं, २०१७ साली पुन्हा सिस्ट. नाव बदललं म्हणून ढिलाई नको. नळी ठेवाल त्याच दिवशी बायोप्सी (तपासणीसाठी तुकडा) घ्या, कारण नंतर अस्तर बदलतं आणि ओळख पटत नाही. एक्स-रेवर अमेलोब्लास्टोमा हा जबड्याचा ट्यूमरही हुबेहूब असाच दिसू शकतो. त्याची शस्त्रक्रिया पार वेगळी. लहान वयात एकाहून जास्त सिस्ट दिसल्या तर गॉर्लिन सिंड्रोम या आनुवंशिक आजारासाठी तळहातावरचे खड्डे आणि छातीचा एक्स-रे बघा.

रामबाग
बायोप्सीचं शंभर टक्के मान्य. मुलांत दाताचा कोंब वाचवायचा असेल तर नळीही मान्य. पण पस्तिशीतल्या, दाढ काढायचीच असलेल्या पेशंटला दोन ऑपरेशनं कशाला? काढून टाका, ५ वर्षं दरवर्षी ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्स-रे), पुढे दोन वर्षांनी एकदा.

राजेंद्रनगर
जो नळीसाठी येत नाही, तो ओपीजीला दरवर्षी येईल कशावरून? दहा वर्षांनीही ही उलटते. नळी टाक्याने पक्की शिवा आणि सुट्टी देण्याआधी घरच्या माणसाकडून २० मिलीच्या सिरिंजने समोर धुवून घ्या. हात बसला नाही, तर मात्र तुमचा मार्ग.