बोइंग आणि एअरबस : दोघांवरच जग किती दिवस चालणार?

पश्चिमवारा (धागाकर्ता)

२०१८ मध्ये बोइंगने ८०६ प्रवासी विमानं ग्राहकांच्या ताब्यात दिली, एअरबसने ८००. अगदी अटीतटीचा सामना. २०२४ चे आकडे बघा: एअरबस ७६६, बोइंग ३४८. मधे काय झालं ते आपण सगळे वाचत आलो आहोत. ऑक्टोबर २०१८ मध्ये लायन एअरचं आणि मार्च २०१९ मध्ये इथिओपियनचं ७३७ मॅक्स कोसळलं, मिळून ३४६ जीव गेले. अमेरिकेत मॅक्स वीस महिने जमिनीवर होतं, आपल्याकडे ऑगस्ट २०२१ पर्यंत. मग जानेवारी २०२४ मध्ये अलास्का एअरलाइन्सच्या विमानात दाराच्या जागी बसवलेला पॅनेल हवेत उडून गेला. तो धरून ठेवणारे चार बोल्ट कारखान्यात परत लावलेच गेले नव्हते. त्याच वर्षी कामगारांचा सात आठवड्यांहून लांबलेला संप.

दुसऱ्या कुठल्याही धंद्यात एवढं झाल्यावर गिऱ्हाईक पाठ फिरवतं. इथे जाणार कुठे? आज मागितलेलं एअरबसचं ए३२० हातात पडायला पुढचं दशक उजाडतं. दोन्ही कंपन्यांकडे मिळून १४ हजारांहून जास्त विमानांच्या ऑर्डरी थकल्या आहेत. त्यामुळे एक चुकली तरी तिचं गिऱ्हाईक तुटत नाही, आणि दुसरीला आणखी चांगलं करायची निकड उरत नाही. याला मी स्पर्धा म्हणणार नाही. तिसरा उत्पादक उभा राहिलाच पाहिजे, त्यासाठी सरकारांनी पैसा घातला पाहिजे, आणि त्यात भारत सरकारही आलं. तुम्हाला काय वाटतं?

गोदाकाठ

पूर्ण असहमत. मॅक्सचं दुखणं स्पर्धा नसल्यामुळे झालेलं नाही, स्पर्धेच्या धाकाने झालेलं आहे. डिसेंबर २०१० मध्ये एअरबसने नव्या इंजिनांचं ए३२० निओ जाहीर केलं. बोइंगचा विचार तेव्हा पूर्णपणे नवं विमान काढायचा होता. जुलै २०११ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने, म्हणजे बोइंगच्या घरच्या गिऱ्हाइकाने, २६० एअरबस आणि २०० बोइंग अशी ऑर्डर दिली आणि सिअ‍ॅटलमध्ये धाबं दणाणलं. पुढच्याच महिन्यात १९६७ साली पहिल्यांदा उडालेल्या ७३७ ला नवी इंजिनं लावायचा निर्णय पक्का झाला.

पुण्यात किंवा नागपुरात शिडीने विमानात चढता तेव्हा एकदा थांबून बघा. अकासाचं ७३७ आणि इंडिगोचं ए३२० शेजारी उभं असेल तर फरक लगेच दिसतो. ७३७ जमिनीला टेकल्यासारखं बुटकं आहे, कारण साठच्या दशकात सामान हातांनी चढवायचं होतं. ए३२० निओच्या लीप नावाच्या इंजिनाचा पंखा ७८ इंचांचा आहे. ७३७ खाली तो मावेना म्हणून तिथे ६९ इंचांचा केला, आणि तरीही इंजिन पुढे आणि वर सरकवून पुढचं चाक सुमारे ८ इंचांनी उंच करावं लागलं. त्यामुळे नाक वर जाण्याची जी ओढ आली ती दाबायला एमकॅस नावाचं सॉफ्टवेअर घातलं, आणि तेही एकाच सेन्सरच्या भरवशावर. वैमानिकांच्या पुस्तिकेत त्याचा उल्लेखही नव्हता. हे सगळं घाईतून आलं, आणि घाई स्पर्धेतून.

आणि तीन कंपन्यांचा काळही जगाने पाहिला आहे. १९७० च्या सुमारास लॉकहीडचं एल-१०११ आणि मॅकडोनेल डग्लसचं डीसी-१० अशी जवळपास एकाच मापाची दोन विमानं एकाच बाजारात उतरली. एल-१०११ चं इंजिन करता करता रोल्स-रॉइस १९७१ मध्ये दिवाळखोर झाली. लॉकहीडने २५० विमानं केली आणि प्रवासी विमानांचा धंदा कायमचा सोडला. डीसी-१० च्या मालाच्या दाराची कडी नीट बसत नाही हे १९७२ मध्ये कॅनडातल्या विंडसरजवळ दिसलं होतं, तरी सक्तीचा आदेश निघाला नाही. १९७४ मध्ये पॅरिसजवळ टर्किश एअरलाइन्सचं डीसी-१० त्याच दारामुळे पडलं. तेव्हाही ३४६ माणसं गेली. १९९७ मध्ये मॅकडोनेल डग्लस बोइंगमध्ये विरून गेली.

तिसरा आला की प्रवासी सुरक्षित होतो, असं इतिहास अजिबात सांगत नाही. नियामक किती कडक आहे त्यावर ते ठरतं.

सातमाळा

गोदाकाठ +१. अलास्काच्या घटनेनंतर एफएएने, म्हणजे अमेरिकेच्या विमान नियामकाने, ७३७ मॅक्सचं उत्पादन महिन्याला ३८ वर रोखलं, ते ऑक्टोबर २०२५ मध्ये ४२ वर जाऊ दिलं. कान असा पिळला की काम होतं.

माँट्रियलकर

तिसरा उत्पादक का उभा राहत नाही हे मी राहतो त्या शहराने पाहिलं आहे. बॉम्बार्डिएरने सी-सिरीज नावाचं १०० ते १५० आसनांचं विमान काढलं, मिराबेलच्या कारखान्यात. विमान उत्तम होतं. एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला तीन खुर्च्या, खिडक्या मोठ्या, इंधनाची बचत मोठी. पण खर्च फुगत गेला, क्वेबेक सरकारला पैसे ओतावे लागले.

२०१६ मध्ये अमेरिकेच्या डेल्टा एअरलाइन्सने ७५ विमानं मागितली आणि बोइंगने अमेरिकन सरकारकडे तक्रार केली, की सरकारी मदतीच्या जोरावर हे पडत्या भावाने विकतायत. त्या आकाराचं विमान बोइंग डेल्टाला देऊ करतच नव्हतं! तरी २०१७ मध्ये जवळपास ३०० टक्के आयातशुल्काचा प्रस्ताव आला. बॉम्बार्डिएरचा श्वास कोंडला आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये तिने या प्रकल्पाचा ५० टक्क्यांहून जास्त हिस्सा एअरबसला देऊन टाकला, रोख एक पैसाही न घेता. जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने तक्रार ४-० अशी फेटाळली, पण तोवर वेळ निघून गेली होती. तेच विमान आज ए२२० म्हणून विकलं जातं.

त्यामुळे पश्चिमवारा, तुमच्याशी मी निम्मा सहमत आहे. तिसरा हवा. पण नुसता पैसा घालून तो जगत नाही. तो वर डोकं काढतो तेव्हा त्याला वाचवणारी राजकीय ताकदही मागे लागते. कॅनडाची ती कमी पडली.

रॅम्पवाला

मी लाइन मेंटेनन्समध्ये आहे, कंपनीचं नाव लिहीत नाही. सगळी चर्चा विमानाच्या सांगाड्याभोवती चालली आहे. आमच्यासाठी खरा प्रश्न इंजिनाचा आहे.

२०२३ मध्ये कळलं की ए३२० निओला लागणाऱ्या प्रॅट अँड व्हिटनीच्या जीटीएफ इंजिनांच्या काही चकत्या ज्या धातूच्या भुकटीपासून केल्या तिच्यात अशुद्धी होती. इंजिन उतरवा, उघडा, तपासा असा आदेश आला. पण दुरुस्तीच्या शॉपमध्ये जागा कुठे होती? एकेक इंजिन महिनोन्‌महिने अडकलं. त्याआधीच, मे २०२३ मध्ये, गो फर्स्टने याच इंजिनांकडे बोट दाखवून दिवाळखोरीचा अर्ज केला होता. मुंबईची कंपनी, हजारो लोकांच्या नोकऱ्या.

एओजी, म्हणजे बिघाडामुळे जमिनीवर अडकलेलं विमान, नुसतं उभं असतं असं लोकांना वाटतं. त्याची निगा रोजची असते. इंजिनाच्या तोंडाला आणि पिटो ट्यूबला (वेग मोजणाऱ्या नळीला) आवरणं घालायची, टायर एकाच जागी दबून चपटे होऊ नयेत म्हणून विमान ठरावीक दिवसांनी पुढे-मागे हलवायचं, बॅटऱ्या सांभाळायच्या, पावसाळ्यात गंज बघायचा. एवढं करून ते रुपयाही कमावत नाही, आणि भाड्याचा हप्ता सुरूच.

आता चीनच्या सी-९१९ चं बघा, कारण तिसरा म्हणून सगळे त्याचंच नाव घेतात. मे २०२३ पासून प्रवासी नेतंय. पण इंजिन लीपच, म्हणजे अमेरिकेची जीई आणि फ्रान्सची सॅफ्रान. २०२५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेने काही आठवडे ती निर्यात थांबवली तेव्हा सगळ्यांना कळलं की नाडी कोणाच्या हातात आहे. विमान तिसरं झालं तरी इंजिनवाले तेच राहतात.

वैदर्भी

भारत सरकारने पैसा घालावा, या मुद्द्यावर लिहिते. नागपूरच्या मिहानमध्ये टाटांच्या कारखान्यात बोइंग ७८७ च्या केबिनच्या फरशीखालच्या कार्बन फायबरच्या तुळया होतात. म्हणजे तुम्ही न्यूयॉर्कच्या विमानात चालता तेव्हा पायाखाली नागपूरचं काम असू शकतं. हाताला कसब आहे, शिस्त आहे. सी-२९५ या लष्करी मालवाहू विमानाचा प्रकल्प नागपूरला येणार म्हणता म्हणता वडोदऱ्याला गेला, त्याची चुटपुट अजून आहे.

पण तुळई करणं आणि विमानाची रचना करून त्याची जबाबदारी घेणं यात फार अंतर आहे. आपलं सारस २००४ मध्ये उडालं, २००९ मध्ये बंगळुरूजवळ चाचणीत पडलं, तिघे गेले, आणि ते छोटं विमानही अजून प्रवासी सेवेत नाही. शिवाय विमान झालं तरी दाखला लागतो. सी-९१९ ला युरोपचा दाखला मिळायला अजून वर्षं लागतील असं तिथली यंत्रणाच सांगते. आपल्या डीजीसीएने, म्हणजे विमान नियामकाने, दिलेला दाखला उद्या जगाने मानावा अशी इच्छा असेल तर पहिला पैसा तिथे घाला. रचना तपासणारे अभियंते नेमा, त्यांना बाजारभावाने पगार द्या. कारखाना नंतर.

पश्चिमवारा

गोदाकाठ, नियामक कडक हवा हे मान्यच. पण २०१९ आधी एफएए मॅक्सच्या तपासणीतलं बरंच काम बोइंगच्याच माणसांवर सोपवत होती. देशात एकच उत्पादक उरला की नियामकालाही त्याला दुखवणं जड जातं. म्हणून दोन्ही गोष्टी सुट्या करता येत नाहीत.

आणि एकाच जातीच्या विमानावर विसंबायचा धोका नोव्हेंबर २०२५ मध्ये दिसला. सूर्याच्या किरणोत्साराने ए३२० च्या एका संगणकातली माहिती बिघडू शकते म्हणून एअरबसने जगभरातल्या सुमारे ६,००० विमानांना लगेच दुरुस्ती सांगितली. आपल्याकडची त्यातली ३३८. बहुतेकांचं काम सॉफ्टवेअर बदलून काही तासांत उरकलं. पण पुढच्या वेळी सुटा भाग बदलावा लागला तर? इंडिगोच्या ताफ्यात ए३२० घराणंच मुख्य आहे, आणि देशातले साठ टक्क्यांहून जास्त प्रवासी इंडिगोने जातात.

भविष्याचंही तेच. एअरबसने २०३५ मध्ये हायड्रोजनवरचं विमान आणू म्हटलं होतं, २०२५ मध्ये ते लांबणीवर टाकलं. बोइंगने नासाबरोबरचं लांब, निमुळत्या पंखांचं एक्स-६६ थांबवलं. ऑर्डर बुक भरलेलं असताना धोका कोण पत्करणार?

गोदाकाठ

हायड्रोजन लांबला कारण द्रवरूप ठेवायला त्याला उणे २५३ अंश लागतात आणि तो भरायची सोय एकाही मोठ्या विमानतळावर नाही. तिसरा उत्पादक आला म्हणून ते तापमान बदलत नाही.

तरी एक मुद्दा मांडतो, कारण रॅम्पवाला यांचं म्हणणं मला पटलं आहे. इंडिगोची २०२३ मधली एकट्या एका दिवसाची ऑर्डर ५०० विमानांची, एअर इंडियाची ४७०, अकासाची एकूण २२६. एवढी मोठी गिऱ्हाइकं जगात मोजकीच. त्या बळावर आपण नवा उत्पादक मागण्यापेक्षा इंजिन दुरुस्तीची शॉप मागायला हवी होती, करारातच. सॅफ्रानच्या लीप इंजिन दुरुस्तीच्या केंद्राचं उद्घाटन नोव्हेंबर २०२५ मध्ये हैदराबादला झालं, पण ती सुरुवात फार उशिरा झाली.

रॅम्पवाला

आणि जीटीएफसाठीही तेवढ्याच क्षमतेचं हवं. ए३२० निओला इंजिनाची निवड दोन कंपन्यांतून करता येते, ७३७ मॅक्सला तीही नाही. पुढच्या ऑर्डरीवर सही करताना किमतीआधी एक प्रश्न विचारा: इंजिन उतरलं तर बदली इंजिन किती दिवसांत देता, आणि नाही दिलंत तर दंड किती?