फॉन्ट, टंक की वळण?

एका मिठाईवाल्याच्या खोक्याचं काम हातात आहे. दोन नमुने दाखवले, तर म्हणतो, "ताई, फॉन्ट हाच ठेवा, फक्त वळण आपलं करा." आधी हसू आलं. मग वाटलं, हा माणूस दोन वेगळ्या गोष्टी बोलतोय, आणि मी दोन्हींना फॉन्टच म्हणते. लिहिताना कधीतरी 'टंक' लिहिते, पण तो शब्द तोंडात बसत नाही. तुम्ही काय वापरता? शिवाय अनेकवचन 'फॉन्ट' की 'फॉन्ट्स'?

प्रतिसाद १

अनेकवचनाचं आधी उरकतो. एक दगड, दहा दगड. तसा एक फॉन्ट, दहा फॉन्ट. शेपटीला 'स' कशाला?

आता टंक. संस्कृतात टंक म्हणजे छिन्नी, आणि ठसा मारलेलं नाणंही. पाथरवटाची टाकी आणि नाण्यांची टांकसाळ याच घरातल्या. म्हणजे अर्थाने शब्द चोख आहे. पण टंकलेखन आणि टंकनाने तो आधीच पळवला. आज 'टंक' म्हटलं की डोळ्यांपुढे अक्षराचा आकार येत नाही, कोर्टाबाहेर बसलेला टायपिस्ट येतो.

'फॉन्ट'चं मूळ फ्रेंच, धातू वितळवून ओतण्याशी जोडलेलं. एका मापाचा, एका जाडीचा ओतलेला संच तो फॉन्ट. अक्षराचं रूप ही वेगळी गोष्ट. तुमचं गिऱ्हाईक बरोबर बोललं.

प्रतिसाद २

आमच्या घरचा छापखाना होता. तिथे फॉन्ट हा शब्द कधी ऐकला नाही. धातूच्या एकेका सुट्या अक्षराला 'खिळा', सबंध संचाला 'टाइप', आणि जुळवणारा तो 'जुळारी'. "टाइप झिजलाय" म्हणजे छपाई पुसट येणार. मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागरची (छापखाना १८६९चा) ख्याती त्याच्या देखण्या खिळ्यांमुळे. खिळा हा शब्द परत आणा असं म्हणणार नाही. आता हाताला लागायला खिळा आहेच कुठे?

एक भर. नाटकांच्या जाहिरातींतली कमल शेडग्यांची शीर्षकं दाखवून लोक "हा फॉन्ट द्या" म्हणतात. तो फॉन्ट नाही, हाताने केलेलं अक्षरांकन आहे.

प्रतिसाद ३

वळणाचा मुद्दा नुसता शब्दांचा नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, 'ल'ला एकच क्रमांक आहे, मग तो हिंदी धाटणीचा दिसो की मराठी. राज्य सरकारच्या २००९च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श सांगितलेत. गूगलच्या नोटोसारख्या फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतात. मजकुराची भाषा 'मराठी' केली की आपली रूपं येतात. म्हणजे फॉन्ट तोच, वळण आपलं! सगळ्याच फॉन्टमध्ये ही सोय नसते, म्हणून निवडण्याआधी तपासा.

लोकप्रिय म्हणून डोळे मिटून काही घेऊ नका. 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचा 'मोदक' मिठाईच्या नावाला झकास, पण इतका गुबगुबीत की त्यात घटक पदार्थांची यादी लावलीत तर कुणी वाचणार नाही. तिथे त्यांचाच 'मुक्त' घ्या. र. कृ. जोशींचा 'मंगल' पडद्यावर वाचायला केलेला. संगणकात आयता आहे म्हणून तो खोक्यावर मिरवू नये.

आणि नमुना पाहताना 'कमल नमन कर' लिहून पाहू नका, ते कुठेही छान दिसतं. 'शंकरपाळे, बेसन लाडू, साटोऱ्या' लिहा. श, ळ, ल आणि ऱ्य एका दमात तपासून होतात. 'साटोऱ्या'तल्या ऱ्यचा रफार होऊन य च्या डोक्यावर चढला, तर तो फॉन्ट मराठीच्या कामाचा नाही.

धागाकर्ती

साटोऱ्यांनी खरंच दोन फॉन्ट बाद केले! आता आकाराला वळण, फाइलला फॉन्ट, हाताने केलेल्याला अक्षरांकन म्हणणार. छापखान्यातून मात्र निरोप आलाय, "युनिकोड फॉन्ट नको, श्रीलिपीत द्या." श्रीलिपी म्हणजे युनिकोडहून जुनी, अक्षरांचे क्रमांक आपल्याच रीतीने लावणारी पद्धत. तिथे फॉन्टचा अर्थ आणखी चौथाच.

बिलावर 'फॉन्ट निवड' असंच लिहिलंय. 'टंक निवड' लिहिलं असतं, तर टायपिंगचे कसले एवढे पैसे म्हणून त्याने घासाघीस केली असती.