मदत हवी आहे: शाळेत उंदीर-झुरळांची नोंद ठेवायला सगळ्यांना तयार कसं करायचं?

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीत मी पालक सदस्य आहे. पोषण आहार शाळेतच शिजतो. कोठीत उंदीर, चुलीमागे झुरळं आणि पावसाळ्यात तांदळाला सोंडे, हे दरवर्षीचंच. फवारणी करून घेतली की महिनाभर बरं, मग पुन्हा तेच.

कृषी खात्यातून निवृत्त झालेल्या एका काकांनी सुचवलं की आधी पाळत ठेवा. कोपऱ्यांत चिकट सापळे लावायचे, दर सोमवारी बघायचे आणि काय, कुठे सापडलं ते वहीत लिहायचं. म्हणजे येण्याची वाट कळते. पेन्सिल जाईल एवढ्या फटीतूनही छोटा उंदीर आत येतो, त्यामुळे दाराखाली पत्रा मारायचा, पोती भिंतीपासून लांब फळ्यांवर ठेवायची, जुना तांदूळ आधी संपवायचा. मला हे पूर्ण पटलंय.

अडलंय ते माणसांपाशी. वही कोरीच आहे. स्वयंपाकाच्या ताई म्हणतात, "लिहिलं आणि तपासणीला साहेब आले, तर पहिलं आमच्यावरच येणार." तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या बाईची ही भीती खोटी म्हणता येत नाही. मुख्याध्यापकांनाही मनातून तेच वाटत असावं. शिपाई मामा झाडताना सापळे उचलून टाकतात. वर्गातल्या कपाटात बिस्किटांचे पुडे उघडेच असतात, तिथे हजेरीपटाच्या कडा कुरतडलेल्या आहेत.

यात सगळ्यात जास्त धास्ती मला वेगळ्याच गोष्टीची वाटते. कुणीतरी चांगल्या हेतूने झुरळं मारायचा खडू आणला आणि तो फळ्याच्या खडूंच्या डब्याशेजारीच ठेवला. दिसायला दोन्ही सारखेच! पहिलीतलं पोर काय ओळखणार? 2013 साली बिहारमध्ये सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावात शाळेच्या जेवणात मोनोक्रोटोफॉस हे विषारी कीटकनाशक गेलं आणि 23 मुलं दगावली. स्वयंपाकघराजवळ विष नको म्हणून तर ही नोंद हवी आहे.

तर विचारायचं हे, की नोंद म्हणजे कुणाची तक्रार नव्हे, हे ताईंना आणि सरांना कसं पटवून द्यावं? वहीत माणसाचं नाव न घालता फक्त सापळ्याचा क्रमांक आणि जागा लिहायची, असा ठराव समितीने केला तर त्यांना आधार वाटेल का? सहावी-सातवीची मुलं विज्ञानाच्या तासाला लांबूनच, हात न लावता मोजणी करतील, असं कुणी करून पाहिलंय का? आणि पत्रा, जाळी यांचा खर्च शाळेला सरकारकडून दरवर्षी मिळणाऱ्या संयुक्त शाळा अनुदानातून टाकला तर लेखापरीक्षणात आक्षेप निघतो का? शिक्षक मंडळींनी यावर जरूर सांगावं.

कुणाच्या शाळेत अशी वही खरंच भरली जात असेल, तर एखाद्या पानाचा फोटो टाका, शाळेचं नाव झाकलं तरी चालेल. शनिवारी समितीची सभा आहे, त्याआधी मिळाला तर फार उपकार होतील.